क्रूझच्या बुफेत, गव्हाला वगळून

कोल्हापुरात गहू न खाता दिवस निघतो. जोंधळ्याची भाकरी घरोघरी आहेच, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे, नाचणीची आंबील आहे, आणि तांबडा-पांढरा रस्सा भाताबरोबरही तितकाच छान लागतो. अडतं ते उंबऱ्याबाहेर. मिसळीबरोबर ब्रेड येतो, लग्नात पुरी येते, आणि गव्हाचा कणही दिसत नाही अशा आमटीत तो हिंगातून येतो. मला सिलिॲक आजार आहे. हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना, लोहाच्या गोळ्या लागू पडेनात, वजन उतरत चाललं, तेव्हा डॉक्टरांनी आधी टीटीजीची, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीची, रक्ततपासणी सांगितली आणि मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उठते. त्याला औषध नाही. पथ्य हाच उपाय, तोही जन्मभराचा.

हे पथ्य म्हणजे नुसती चपाती सोडणं नव्हे. नातेवाईक मायेनं सुचवतात, ‘खपली खाऊन बघ, ती हलकी असती.’ पण खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन आहेच. सातूचं पीठ नको, भाजणीत गहू पडला असेल तर थालीपीठ नको. गिरणीतला प्रकार तर मला बराच काळ सुचलाच नसता, आहारतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिला. जोंधळे कितीही निवडून नेले तरी त्याच जात्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असतो, आणि जात्यात राहिलेलं ते पीठ आपल्या डब्यात उतरतं. घरी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही पदार्थाबद्दल दोन गोष्टी विचारते. तो कशाचा केलाय, आणि कशातून, कुठल्या डावानं माझ्यापर्यंत आलाय.

मोठ्या दिरांच्या साठीनिमित्त सगळ्या कुटुंबानं सिंगापूरहून क्रूझ करायचं ठरवलं. पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत असा मार्ग होता. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘बोटीवर शंभर पदार्थ मांडलेले असतात, तुला काय कमी पडणार?’ मला धास्ती होती ती त्या शंभर पदार्थांचीच. एका छताखाली पाव, केक, नूडल्स, समोसे, नान आणि त्या सगळ्यांत फिरणारे शेकडो हात. तरी जायचंच असं मी ठरवलं. आजार आहे म्हणून घरात बसून राहायचं हे मला मान्य नाही.

तयारी अर्जापासून सुरू झाली. ट्रॅव्हलवाल्यांच्या फॉर्मवर जेवणाच्या तीनच चौकटी होत्या. शाकाहारी, मांसाहारी आणि जैन. मी खाली पेनानं सविस्तर लिहून दिलं. फोन केला की दर वेळी ‘काळजी करू नका मॅडम, वर कळवलंय’ असं उत्तर. माझं समाधान होईना, म्हणून बुकिंग क्रमांक घालून मी बोटीच्या कंपनीला थेट मेल केला. उत्तर आलं की माझ्या नावापुढे ‘जैन जेवण’ अशी नोंद आहे. जैन जेवणात कांदा-लसूण नसतो, पण फुलका असतो, रव्याचा शिरा असतो आणि हिंग तर हमखास. ती नोंद तशीच राहिली असती तर मला दर जेवणाला आदरानं गहूच वाढला गेला असता. त्यांनी दुरुस्ती करून लेखी कळवलं, आणि तो कागद मी छापून पर्समध्ये ठेवला. ज्याला कुणाला जायचंय त्यानं निदान महिना-दीड महिना आधी थेट बोटीच्या कंपनीला लिहावं, मधल्या माणसाच्या तोंडी शब्दावर राहू नये. आणि लिहिताना नुसतं ‘ग्लुटेन फ्री’ लिहून थांबू नये. हे वैद्यकीय कारण आहे, तवा आणि डाव वेगळा लागतो, समोसे तळलेल्या तेलात तळलेलं चालत नाही, सोया सॉस आणि हिंग चालत नाही, हे एकेक करून लिहावं. मी तोच मजकूर मोठ्या अक्षरात इंग्रजीत छापून छोटी कार्डं करून घेतली. सोबत डॉक्टरांचं पत्रही घेतलं. बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ पसरू नये म्हणून फार कडक नियम असतात, पोटाची तक्रार केली की माणसाला खोलीतच थांबवून ठेवतात. ग्लुटेननं पोट बिघडलं तर ते संसर्गाचं नाही, हे सांगायला कागद हवा.

सामान भरताना आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, जीव भाकऱ्यांत अडकला होता. पण घरी शिजवलेलं अन्न बोटीवर बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, आणि किटली किंवा छोटा कुकर तर आगीच्या भीतीनं सामानातूनच काढून ठेवतात. सीलबंद पाकिटं मात्र चालतात. मी राजगिऱ्याच्या वड्या, ज्वारीचे पोहे आणि तांदळाची बिस्किटं घेतली, प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असेल तरच ‘ग्लुटेन फ्री’ असं छापता येतं, त्यामुळे तो शब्द असलेलं पाकीट आणि नुसतं ‘मिलेट’ लिहिलेलं पाकीट यांत फरक आहे. कितीतरी मिलेट बिस्किटांत पहिला घटक मैदाच असतो. आत्यांच्या भाकऱ्या आणि खर्डा महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मुंबईपर्यंत संपला. विमानात जीएफएमएल नावाचं, म्हणजे ग्लुटेन नसलेलं, जेवण आगाऊ मागवलं होतं, ते व्यवस्थित आलं.

बोटीत चढण्याचा दिवस हा बुफेचा सगळ्यात वाईट दिवस. खोल्या तयार नसतात आणि सगळी बोट एकदमच जेवायला लोटते. मी त्या गर्दीत शिरले नाही. सालासकट केळी, कवचासकट उकडलेली अंडी आणि माझ्या वड्या यांवर दुपार काढली आणि घरचे जेवत होते तेवढ्यात खालच्या मोठ्या डायनिंग रूममध्ये जाऊन तिथल्या प्रमुखांना भेटले. पहिल्या दुपारी ते टेबलं बदलून देण्यासाठी तिथे बसलेलेच असतात. त्यांना कागद दाखवला, त्यांनी यादीत माझं नाव पाहिलं, आणि वरच्या बुफेचे मुख्य शेफ कोण ते सांगून त्यांना फोन लावून दिला. बोटीवर मी केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच.

ही सवय मला कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयांनी लावलीय. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मी मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्यांना गाठते. वाढप्याला विचारून उपयोग नसतो, भाजीत काय पडलंय ते त्याला ठाऊक नसतं. आचारी मोकळेपणानं सांगतात, ‘वैनी, भाजीला मैदा लावलाय, तुमी घिऊ नका,’ आणि पंगतीआधी दोन डाव भात बाजूला काढून ठेवतात. बोटीवरही तेच केलं. फरक इतकाच की इथले आचारी उंच पांढऱ्या टोपीतले होते.

शेफ निघाले गोव्याचे, मडगावकडचे. माझं कार्ड वाचून झाल्यावर मराठीतच म्हणाले, ‘ताई, काउंटरवरचं घेऊच नका. काय हवं ते मला सांगा, मी आतनं काढून देतो.’ मग त्यांनी मला सगळ्या काउंटरवरून फिरवलं, आणि ती फेरी मी कधी विसरणार नाही. चिनी काउंटरवर जवळजवळ सगळं बाद, कारण सोया सॉस बहुतेक सोयाबीन आणि गहू मिळूनच करतात, तो फ्राइड राइसमध्येही असतो आणि तांदळाच्या नूडल्समध्येही. खेकड्याच्या मांसासारख्या दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्यांत पिठाचा अंश असतो. पाश्चात्त्य काउंटरवर सूप मैद्यानं दाट केलेलं, रोस्ट चिकन कोरडं घेतलं तर चालेल पण त्याची ग्रेव्ही नको, सॉसेजमध्ये ब्रेडचा चुरा. बटाट्याचे फिंगर चिप्स नुसत्या बटाट्याचे असूनही ज्या तेलात ब्रेडचा चुरा लावलेली मासळी तळतात त्याच तेलातले. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण त्यांत जवाचं माल्ट. मी गप्प ऐकत होते आणि मनात माझं ताट लहान लहान होत होतं.

भारतीय काउंटरपाशी आम्ही थांबलो तेव्हा ते खुशीत म्हणाले, ‘इथं तुम्हाला भरपूर आहे. डाळ, बटाटा, कढी.’ मी विचारलं, ‘फोडणीत हिंग कुठला?’ त्यांनी आतून डबा मागवला. मोठा पांढरा प्लास्टिकचा डबा, झाकणावर पिवळी पूड सांडलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापले होते. खाद्य गोंद, गव्हाचं पीठ, हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून तो पिठात आणि गोंदात मिसळून बांधतात. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, बऱ्याच गव्हाचं. मी त्या शब्दांवर बोट ठेवलं. शेफनी डबा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, पुन्हा वाचला. ‘म्हणजे डाळ, सांबार, बटाटा, कढी, सगळं गेलं?’ मी म्हटलं, ‘सगळं.’ त्यांनी शेजारच्या मुलाला बोलावून भिंतीवरच्या फळ्यावर माझा खोली क्रमांक लिहायला लावला आणि त्याखाली, हिंग नको, नवीन पॅन, वेगळा डाव. त्या रात्रीपासून माझ्यासाठी आलं-जिऱ्याच्या फोडणीची डाळ वेगळ्या भांड्यात होऊ लागली. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. इतकी वर्षं हाताखालून गेलेल्या वस्तूबद्दल एका प्रवाशानं काही सांगितलं, आणि त्यांनी ते क्षणात मान्य करून कामाला लावलं.

पाट्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आमच्या बोटीवर पदार्थापुढे शाकाहारी-मांसाहारीचे ठिपके तेवढे होते. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं सक्तीचं आहे, आणि त्यात ग्लुटेन असलेली धान्यं आहेत. तसं सगळ्याच समुद्रांत व्हायला हवं. पण पाटी असली तरी बुफेत ती अर्धंच सांगते. सकाळी फळांच्या काउंटरपाशी मी उभी होते. एक लहान मुलगा क्रोसाँच्या टोपलीतला चिमटा हातात घेऊनच इकडे आला आणि त्यानं कलिंगडाची फोड उचलली. क्रोसाँचे तपकिरी पापुद्रे पपईच्या ओल्या फोडींवर चिकटलेले दिसत होते. मुलाचा काय दोष? त्याला भूक लागली होती. पण त्यानंतर कापलेलं फळ मी काउंटरवरून घेतलं नाही. शेफ आतून न उघडलेल्या ट्रेमधलं द्यायचे.

नाश्त्याला बुफे उघडताक्षणी जायचं, हे मी पहिल्याच सकाळी ठरवून टाकलं. तेव्हा ट्रे भरलेले असतात, चमचे स्वच्छ असतात आणि शेफला बोलायला वेळ असतो. अंड्यांच्या काउंटरवर एक लांबलचक तवा, एका टोकाला पॅनकेक, दुसऱ्या टोकाला ऑम्लेट, आणि उलथनं एकच. जगमध्ये फेटून ठेवलेली अंडीही मी घेत नसे, कारण काही स्वयंपाकघरांत ती फुलावीत म्हणून त्यात पॅनकेकचं पीठ घालतात. माझ्यासाठी छोटं धुतलेलं पॅन यायचं आणि अंडी समोर फोडली जायची. चिनी काउंटरवरची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली, काँजी. तांदळाची नुसती पेज. वर टाकायचे तळलेले मैद्याचे तुकडे आणि सॉस शेजारच्या वाट्यांत असतात. ती पेज आतून घेऊन त्यावर मीठ, उकडलेलं अंडं आणि कोथिंबीर. पोटाला इतकं बरं वाटायचं की घरी परतल्यावर मी घनसाळच्या कण्यांची तशी पेज करू लागले.

रात्रीचं जेवण कायम खालच्या डायनिंग रूममध्ये. बुफेत दर वेळी नवा माणूस वाढायला असतो, दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. खाली टेबल तेच, वाढणारा तोच. जेवण संपता संपता तो दुसऱ्या रात्रीचं मेनूकार्ड आणायचा, मी पदार्थ निवडायचे, आणि माझ्या ताटाचं काम सकाळपासून वेगळं व्हायचं. लिंबू-लोण्यातला भाजलेला मासा, सालासकट भाजलेला बटाटा, उकडलेल्या भाज्या, मैदा नसलेला चॉकलेटचा केक. ग्लुटेन नसलेला पाव ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून गरम केलेला यायचा, म्हणजे ओव्हनमधल्या दुसऱ्या पावांचा चुरा त्याला लागत नाही. एका रात्री माझ्या माशावर कुरकुरीत कांदा पेरून आला, पिठात घोळवून तळलेला. वाढणाऱ्या मुलाचा चेहरा उतरला, तो घाईनं चमच्यानं कांदा काढायला लागला. मी त्याचा हात थांबवला आणि म्हटलं, बाळा, हे ताट राहू दे, नवीन आण. उशीर झाला तरी चालेल. कांदा निघतो, पीठ निघत नाही. नवीन ताट यायला वेळ लागला, तोवर बाकीचे जेवून उठलेही नव्हते, कारण आत्यांनी सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं.

आत्यांचं एक सांगायलाच हवं. आमच्याबरोबरच्या एका ग्रुपमधले सांगलीकडचे काका रोज टेबलापाशी येऊन मायेनं आग्रह करायचे, ‘ताई, एवढा चांगला केक, जरासा खाल्ला तर काय हुतंय?’ मी रोज समजावत होते. एक दिवस आत्याच बोलल्या. ‘एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत तुम्ही आमटीचा डाव बुडवता का ओ? न्हाई न्हवं? मग हिची रोजचीच एकादशी हाय असं समजा.’ काकांना ते तत्काळ पटलं. त्यानंतर ते उलट दुसऱ्यांना माझ्या ताटापासून लांब राहायला सांगायचे. जरासं खाल्लं तर होतं, हे खरंच आहे. काहींना लगेच पोटदुखी आणि जुलाब होतात, काहींना वरून काहीच जाणवत नाही आणि आत अस्तर झिजत राहतं. दुसरा प्रकार जास्त फसवा.

पेनांगला आणि फुकेतला उतरल्यावर मी जेवणाचा फार खटाटोप केला नाही. पेनांगच्या लिटल इंडियात इडली बघून जीव वेडावला, इडली तांदूळ-उडदाची, पण सांबारातला हिंग आणि चटणीची फोडणी कुणाला विचारायची? शहाळं, केळी, आणि सोबतच्या पाकिटांवर भागवलं. फुकेतला आंब्याबरोबर नारळाच्या दुधातला चिकट भात खाल्ला, तो समोर वाफेच्या भांड्यातून काढून दिला होता, आणि ज्यांना दूध-नारळाची गोडी आहे त्या कोल्हापूरकरांना तो आवडेलच.

परतल्यावर पोट ठीक होतं. पुढच्या ठरलेल्या तपासणीत टीटीजीही वाढलेलं नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, बोटीवर काय केलंत ते लिहून द्याल का, दुसऱ्या पेशंटना देता येईल. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं.

इचलकरंजीच्या एका मुलीला हाच आजार आहे, तिचं लग्न झालंय आणि ती नवऱ्याबरोबर मुंबईहून सुटणाऱ्या बोटीनं जाणार आहे. तिला मी फोनवर वेगळं सांगितलं, कारण तिथं भारतीय जेवण जास्त असणार. चाटच्या काउंटरवर रवा-मैद्याच्या पुऱ्यांचा चुरा सगळीकडे उडतो, तिकडे जाऊच नकोस. डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झालाय का ते विचार. पापड आतून नवा भाजून मागितलास तरी त्यातला हिंग विचार. पहिल्या दुपारी गर्दीत जेवायला न जाता आधी शेफला शोध, त्यांच्याकडून हिंगाचा डबा मागव आणि घटक स्वतःच्या डोळ्यांनी वाच. तिनं विचारलं, ‘काकू, डबा दाखवा म्हटलं तर रागावणार नाहीत ना?’ मी म्हटलं, मला तर आणून दाखवला. तू बिनधास्त माग.